फावल्या वेळीं : पाट्याचा ठसा

लोकरीच्या आसनाबद्दल मागें लिहिलें, तेव्हांपासून वाचक भगिनींचा एकच प्रश्न येत आहे, कीं कॅनव्हासवर भरण्याजोगा नवा नमुना आणावा कोठून? दुकानांतले तेच ते पोपट, तीच ती गुलाबाची परडी आणि तोच तो बासरीवाला कृष्ण भरून हात कंटाळले आहेत. प्रश्न रास्त आहे. पण माझें उत्तर म्हणजे कोणा दुकानाचा पत्ता नव्हे. नमुना स्वयंपाकघरांत, माजघरांत, परसांत पडलेलाच असतो. त्यावर पातळ कागद ठेवून मेणखडू घासला, म्हणजे तो आपोआप वर येतो. ही रीत मला ज्या वस्तूमुळें नीट कळली त्या वस्तूची, आणि तिच्या पायीं मीं केलेल्या एका ढोबळ चुकीची हकीकत आज सांगावयाची आहे.

२०१८ सालच्या वैशाखांत सदाशिव पेठेंतला आमचा वाडा उतरविण्याचें ठरलें. पुण्यांत ही गोष्ट आतां इतकी नित्याची झाली आहे, कीं तिच्याबद्दल उसासे टाकण्यांत अर्थ नाहीं; आणि गळकीं कौलें व सामाईक मोरी यांचा ज्यांस अनुभव आहे, ते उसासे टाकणारहि नाहींत. सामानाच्या याद्या झाल्या. तांब्यापितळेच्या भांड्यांचे वांटे झाले. देव थोरल्या घरीं जावयाचे हें ठरलेलेंच होतें. सर्व उरकल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांतला पाटा तेवढा राहिला. दोघांनीं मिळून उचलावा असा तो काळा दगड. मिक्सर आल्यापासून होळीच्या पुरणाखेरीज त्यास कोणी हात लावीत नव्हतें. नव्या घरची लादी फुटेल, म्हणून तो कोणासच नको होता. माझ्या चुलतसासूबाई, ज्यांना सारें घर काकू म्हणतें, एवढेंच म्हणाल्या, "नको तर नको. पण त्याला टांकी लावून तीस वर्षें होऊन गेलीं, हें नेणाऱ्याला सांगा."

त्याच दुपारीं मीं त्या पाट्याचा ठसा घेतला. कां घेतला, तें मला तेव्हां नीट सांगतां आलें नसतें.

ठसा घेण्यास फारसें साहित्य लागत नाहीं, पण चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. दगड धुऊन पुरता एक दिवस उन्हांत वाळूं द्यावा. ओल राहिली तर कागद सैल पडतो आणि त्याला सुरकुत्या येतात. कागद पातळ पण चिवट असावा. पानाच्या शिरा किंवा खणाची वीण यांसारख्या बारीक गोष्टींना पतंगाचा कागद उत्तम; दगडावर मात्र तो फाटतो. तेथें त्याहून किंचित् जाड कागद घ्यावा आणि चारी कडांस चिकटपट्टी लावावी, कारण कागद केसभर सरकला तरी दुहेरी ठसा उठतो. मेणखडूवरचा कागद सोलून टाकावा व खडू टोकानें न धरतां आडवा धरावा. पहिला हात हलका, एकाच दिशेनें, नंतर जोर. घाई करणाऱ्या मुलांना या कामास बसवूं नये असें म्हणणार होतें, पण खरें सांगावयाचें तर आमच्या घरांतला सर्वांत चांगला ठसा आठ वर्षांच्या नातवानें पुरणयंत्राच्या जाळीचा काढला!

पाट्याच्या ठशांत जें उमटलें तें मी पाहतच राहिलें. कडेनें तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके, तिरप्या ओळींनीं. ते टांकीचे घाव. मध्याकडे येतां येतां ते तिळाएवढे होत गेले, मग विरळ झाले, आणि मधोमध वरवंट्यानें सारें घांसून नेल्यामुळें नुसता गुळगुळीत काळा पट्टा. तो पट्टाहि अगदीं मधोमध नव्हता, डावीकडे झुकला होता. उजव्या कोपऱ्यांत एक नागमोडी पांढरी रेघ होती. ती दगडाची चीर. वीस वर्षें मी त्या पाट्यासमोर वावरलें, पण या तीन गोष्टी मीं कधीं पाहिल्या नव्हत्या.

ठसे घेण्याची विद्या पुण्यास नवी नाहीं. १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या शहरांत ताम्रपट व शिलालेख यांच्या ठशांचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. संशोधकांची रीत मात्र निराळी: भिजविलेला कागद कुंचल्यानें दगडावर ठोकून बसवावयाचा आणि मग त्यावर शाईची गादी टिपावयाची. चिनी लोकांनीं ही कला फारच पुढें नेली. त्यांच्या तांग राजवटींतले, म्हणजे हजार वर्षांहून जुने ठसे आजहि शिल्लक आहेत. या सर्वांचा हेतु एकच, कीं दगडावर आहे तेंच अक्षर कागदावर यावें. चित्रकलेंत याच साध्या कृतीला वेगळें वळण दिलें तें माक्स एर्न्स्ट या जर्मन चित्रकारानें. १९२५ च्या ऑगस्टांत फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोर्निक येथें तो एका खानावळींत उतरला होता. तेथील घांसून झिजलेल्या लांकडी जमिनीच्या शिरांनीं त्याची नजर धरून ठेवली. त्यानें कागद टाकून शिसें घांसलें, आणि त्या शिरांतून त्याला अरण्यें, पक्षी व समुद्र दिसूं लागले. फ्रेंच भाषेंत या रीतीस फ्रोताज म्हणतात. घांसणें एवढाच त्याचा अर्थ. १९२६ सालीं त्या चित्रांचा संच प्रसिद्ध झाला. लांकडाचा ठसा लांकूडच राहिला पाहिजे असें नाहीं, ही मोकळीक त्यानें दिली.

भरतकामांत ही मोकळीक यावयास वेळ लागला. कॅनव्हासवरचें लोकरीचें काम एकोणिसाव्या शतकांत फार फोफावलें, तें बर्लिनमध्यें छापल्या जाणाऱ्या चौकटीचौकटींच्या रंगीत नकाशांमुळें. एक चौकट म्हणजे एक टांका. मोजा आणि भरा. आपले पोपट आणि गुलाब त्याच घराण्यांतले. त्यांत हाताला कष्ट आहेत, पण डोळ्याला निवड कांहींच नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत हें चित्र पालटलें. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजांत १९४७ पासून भरतकाम शिकविणाऱ्या कॉन्स्टन्स हॉवर्ड या बाईंनीं विद्यार्थिनींस छापील नमुन्यांपासून सोडवून भोवतालच्या वस्तूंकडे पाहावयास लावलें. त्यांचें या विषयावरील पुस्तक १९६६ सालीं निघालें. तेव्हांपासून खडबडीत भिंत, झाडाची साल, गंजलेला पत्रा हीं सर्व भरतकामाचीं अक्षरें झालीं.

हें सारें मला वाचून ठाऊक होतें. तरीहि व्हावयाची ती चूक झालीच.

जूनमध्यें वाडा उतरला. त्या धांदलींत पाटा कोणी नेला, कीं राड्यारोड्याबरोबर गेला, हें कोणालाच सांगतां आलें नाहीं. आम्ही शेजारी शेजारी दोन बिऱ्हाडें केलीं, आणि पावसाळ्यांत मीं तो ठसा बाहेर काढला. पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या एकमेकींवर ठेवून चौकोनी खिडकी केली आणि ती ठशावर फिरवून तीन इंचांचा तुकडा निवडला. निवडीची ही युक्ति चांगली आहे, कारण संपूर्ण ठसा भरण्याचा मोह पहिल्याच दिवशीं मारावा लागतो. झेरॉक्सवाल्याकडून तो दुप्पट करून घेतला, म्हणजे सहा इंच झाला. कॅनव्हास एकेरी धाग्याचा, इंचास बारा घरांचा. सहा इंचांत बहात्तर घरें आडवीं, बहात्तर उभीं. नुसत्या अर्धफुलीनें भरावयाचें म्हटलें तरी ५१८४ टांके होतात. काळी जमीन मीं अर्धफुलीनें भरली. पांढरे ठिपके उठून दिसावे, म्हणून त्यांस इंग्रजींत ज्याला राइस स्टिच म्हणतात तो तांदूळटांका घातला: चार धाग्यांवर मोठी फुली, आणि तिच्या चारहि टोकांवर एकेक छोटा तिरपा टांका. हा टांका चांगला जाड उठतो. पांढऱ्या लोकरीचे ते दाणे काळ्या जमिनीवर असे कांहीं शोभले, कीं दिवाळीस मीं तें काम बिनकांचेच्या चौकटींत बसवून भिंतीवर टांगलें. येणाऱ्याजाणाऱ्यांनीं वाखाणलें. मींहि वाखाणून घेतलें.

काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार तोंवर बराच वाढला होता. समोरच्याचा चेहरा दिसत नसे. कडेचें तेवढें अंधुक दिसे. भाऊबीजेच्या दिवशीं मीं ती चौकट काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनीं तळहात फिरविला, मग बोटें.

"हें काय आहे ग?"

"आपला पाटा, काकू."

त्यांनीं पुन्हां हात फिरविला. "छे! पाट्याला खळगे असतात. ह्याला तर पुरळ उठलें आहे."

धाकट्या जाऊबाईंना हसूं आवरेना. मला मात्र क्षणभर रागच आला; पण खोलींत जाऊन मूळ ठसा काढला आणि चूक लख्ख दिसली. मेणखडू उंच भागावर लागतो, खोल भागाला लागत नाहीं. म्हणजे ठशांत जें काळें तें वर आलेलें, जें पांढरें तें आंत गेलेलें. पाट्याचे घाव खोल होते म्हणून पांढरे उमटले होते. आणि मीं त्या खळग्यांचे उंचवटे करून ठेवले होते. डोळ्याला पांढरा ठिपका पुढें आल्यासारखा दिसतो, एवढ्यावर माझी सारी इमारत उभी होती. किसणीचा किंवा पुरणयंत्राचा ठसा असता तरी मीं हेंच केलें असतें. पाटा जागेवर असता तर जाऊन हात लावून पाहिलें असतें. तो नव्हता. घरांत त्या दगडाची आठवण डोळ्यांना नव्हे तर हातांना असलेलें एकच माणूस उरलें होतें, आणि त्यानें माझें काम ओळखलें नव्हतें.

म्हणून भगिनींनीं ही एक गोष्ट आधीं करावी. ठसा घेतांक्षणीं, वस्तु समोर असतांनाच, कागदाच्या मागें लिहून ठेवावें: काय उंच, काय खोल, कोठें गुळगुळीत, कोठें खरखरीत. तें डोळे मिटून, बोटांनीं तपासून लिहावें. हातासरशीं तारीख व जागाहि लिहावी. पुढें कोणता टांका कोठें घालावयाचा हें त्या चार ओळींवरून ठरतें, काळ्यापांढऱ्यावरून नव्हे.

दुसऱ्या खेपेस मीं प्रश्नच बदलला. खळगा भरावयाचा कसा, असें न विचारतां टांक्यानें खळगा पाडतां येईल काय, असें विचारलें. कॅनव्हासकामांत असा एक टांका जुनाच आहे. आयलेट, म्हणजे डोळ्याचा टांका. चार धाग्यांचा चौकोन धरावा. त्याच्या कडेवर सोळा घरें येतात. प्रत्येक घरांतून सुई वर काढावी आणि मधल्या एकाच घरांत खालीं घालावी. दर वेळीं दोरा मध्याकडून किंचित् ओढावा. सोळा टांके झाले कीं मधलें घर उघडतें आणि खरोखरीचें छिद्र पडतें, ज्यांत बोटाचें टोंक अडतें. येथें जाड लोकर वापरूं नये. ती मधलें घर बुजवून टाकते. मीं सुती धाग्याचे दोन पदर घेतले. कडेला, जेथें घाव खोल होते, तेथें चार धाग्यांचे डोळे. मध्याकडे दोन धाग्यांचे, ज्यांना आठच टांके लागतात. त्याच्याहि आंत, जेथें खळगे पुसटले होते, तेथें नुसती ओढून घेतलेली फुली. डोळ्यांमधल्या जागेंत लोकरीचा तांदूळटांका. आतां तो योग्य जागीं आला, कारण दगडाचा खरखरीतपणा तोच होता. मधल्या झिजलेल्या पट्ट्यासाठीं मात्र खरखरीत कांहींच चालणार नव्हतें. तेथें चमकदार रेशमी दोऱ्याचे लांब उभे टांके, एकाला एक चिकटून. त्यांवरून बोट घसरतें.

रंगाबद्दल थोडें. पहिल्या कामांतला काळा-पांढरा विरोध मीं टाकून दिला. रंगांचा फरक जितका मोठा, तितका टांक्यांचा उंचसखलपणा कमी दिसतो; डोळा रंगावरच अडतो. राखी रंगाच्या तीन छटा, आणि एका कडेस हळदीचा अगदीं मळका पिवळा, एवढ्यावर काम झालें. ज्यांना उत्सवी रंगांची हौस आहे त्यांनीं ती आसनावर पुरवावी. ठशाच्या कामांत ती आड येते.

नमुना कॅनव्हासवर उतरविण्याचे फार सोपस्कार नाहींत. कॅनव्हास ठशावर अंथरला कीं घरांतून खालचें दिसतेंच. मुख्य रेषा तेवढ्या न पसरणाऱ्या शाईनें ओढाव्या. ठिपका न् ठिपका उतरवूं नये. ठशांतले खळगे वांकडेतिकडे असतात आणि कॅनव्हासचीं घरें सरळ; दोघांची तडजोड करावीच लागते, आणि माझ्या मतें ती कॅनव्हासच्या बाजूनें करावी. ओळींचा तिरपेपणा, दाटी व विरळपणा राखला म्हणजे पुरे. काम लांकडी चौकटीवर ताणूनच करावें. तिरप्या टांक्यांनीं कॅनव्हास एका बाजूस कलतो. सुई बोथट टोंकाची, इंचास बारा घरांना १८ नंबरची. दोरा हातभराहून लांब घेऊं नये, घर्षणानें पिंजतो. काम संपल्यावर तें पाण्याचा हबका मारून, चारी बाजूंनीं टांचण्या लावून वाळवितात. साधें काम पालथें वाळविलें तरी चालतें. उठावाचें काम उताणेंच ठेवावें, नाहींतर टांके चेपतात. इस्त्री तर मुळींच फिरवूं नये.

हें दुसरें काम २०१९ च्या संक्रांतीनंतर कधींतरी पुरें झालें. काकूंच्या हातीं दिलें तेव्हां या खेपेस मीं कांहींच सांगितलें नाहीं. त्यांचीं बोटें कडेपासून निघालीं, डोळ्याडोळ्यांत अडत मध्याकडे आलीं आणि रेशमावर आल्यावर आपोआप डावीकडे वळलीं. बराच वेळ तेथेंच होतीं.

"हा सासूबाईंचा हात," त्या म्हणाल्या. "त्यांचा उजवा खांदा धरलेला असे. सगळा जोर डावीकडे."

माझ्या लग्नाच्या आधींच वारलेल्या त्या बाईंचा खांदा धरलेला असे, हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. काकूंनींहि तें पूर्वीं कधीं सांगितलें नव्हतें; आठवण्याचें कारणच पडलें नसावें. मग त्यांचें बोट उजव्या कोपऱ्यांत गेलें आणि तेथें इकडून तिकडे शोधीत राहिलें.

"आणि चीर कोठें आहे?"

चीर मीं गाळली होती. नमुन्यांत ती ओंगळ दिसत होती, म्हणून पुठ्ठ्याची खिडकीच मीं अशी धरली होती, कीं ती रेघ बाहेर राहावी. काकू म्हणाल्या, कीं त्या चिरेंत मिरचीचें बीं अडकत असे आणि तें काढावयास केरसुणीची काडी लागे. मीं पुन्हां ठसा पाहिला. माझ्या तुकड्याच्या कडेपासून ती रेघ जेमतेम बोटभर दूर होती.

दुसऱ्या दिवशीं त्या कोपऱ्यांतले अकरा तांदूळटांके मीं उसवले. तेथें कांहींच भरलें नाहीं. कॅनव्हासचा उघडा धागा नागमोडी दिसेल एवढी अरुंद वाट सोडली आणि तिच्या दोन्ही कांठांवर बारीक उभे टांके घालून ती बंदिस्त केली. बोटाचें नख त्यांत बरोबर जातें.